शंभर मीटर सरळ

कल्लबैलच्या सरकारी शाळेची यल्लव्वा बासष्टाव्या मीटरवर थांबली आणि तिथून पुढचं सगळं रामायण घडलं. ती थांबली नसती, तर आमचे मुख्याध्यापक अच्युत मेष्ट्रे आजही व्हरांड्यात तिसरी आणि चौथीला एकाच फळ्यावर गणितं घालत सुखाने बसले असते, आणि मोजणीखातं कुठल्या इमारतीत आहे हेही त्यांना ठाऊक नसतं.

तालुक्याच्या क्रीडास्पर्धा होत्या. मुलींची शंभर मीटरची शर्यत. शिट्टी वाजली आणि यल्लव्वा अशी सुटली की उरलेल्या सात मुलींना आपण शर्यतीत आहोत की वरातीत, असा प्रश्न पडावा. मेष्ट्रे दोरीबाहेरून ओरडत होते. त्यांच्या एकतीस वर्षांच्या नोकरीत कल्लबैलच्या शाळेने तालुक्याला उत्तेजनार्थ बक्षिसाखेरीज काही मिळवलं नव्हतं, तेही 'स्वच्छ गणवेश' या विषयात. आणि आज पोरगी सगळ्यांच्या दहा पावलं पुढे होती. मग, पुढे कुणी नाही, मागे कुणी जवळ नाही, अशा अवस्थेत ती थांबली. दोन्ही हात पुढे धरून थांबली, मेष्ट्र्यांकडे वळली आणि तोंडभर हसली. सातही मुली तिच्या डाव्या-उजव्या बाजूंनी पळत पुढे निघून गेल्या.

"थांबलीस का गं?" मेष्ट्र्यांचा आवाज फाटला.

"संपलं ना, मेष्ट्रे," यल्लव्वा म्हणाली.

तिचं काही चुकलं नव्हतं. शाळेचं मैदान बासष्ट मीटर. पूर्वेला नागबन, म्हणजे नागदेवाची राखलेली झाडी, पश्चिमेला जास्वंदीचं कुंपण. दीड वर्ष रोज सकाळी ती नागबनाकडून कुंपणाकडे पळत होती आणि कुंपण आलं की हात पुढे करून थांबत होती. मेष्ट्रे तिला सांगायचे, तिकडे शंभर असतात हं. ती मान डोलवायची. पण मान डोलावली तरी पायांना कोण सांगणार?

पिवळ्या बसवाल्या इंग्रजी शाळेचे खेळाचे सर जवळच उभे होते. ते म्हणाले, "मेष्ट्रे, तुमच्याकडे शंभर मीटर दोन दिवसांत पळतात वाटतं? उरलेले उद्या का?" सगळे हसले. मेष्ट्रेही हसले, आणि हसताना त्यांच्या छातीत काहीतरी लागलं ते कायमचंच.

त्या दिवशी ते जेवले नाहीत. त्यांची बायको सुमती फटकळ. ती म्हणाली, "पोरगी थांबली म्हणून तुम्ही जेवायचे थांबलात होय? उद्या ती आजारी पडली तर औषधही तुम्हीच घ्याल." तरी ते जेवले नाहीत. त्यांनी ठरवलं की शाळेला शंभर मीटर मैदान मिळाल्याखेरीज आपण निवृत्त व्हायचं नाही. निवृत्तीला सोळा महिने होते आणि ती कुणाच्या ठरवण्यावर थांबत नसते, पण संतापात माणसाला नियम आठवत नाहीत.

आता या शाळेविषयी थोडं सांगायला हवं. आठ वर्षांपूर्वी शाळेत तेवीस मुलं होती आणि 'बंद करावयाच्या शाळा' या यादीत तिचा क्रमांक चौथा होता. गावाची मुलं पिवळ्या बसने जात. मग वरच्या मुलखातून, बागलकोट-कोप्पळकडून, चिऱ्याच्या खाणीवर आणि बंगल्यांच्या बांधकामावर माणसं आली आणि कुंपणापलीकडे, भोजण्णा शेट्टींच्या सुपारीबागेच्या कडेला, त्यांच्याच पत्र्याच्या बावीस खोल्यांत भाड्याने राहू लागली. मेष्ट्रे एकेका दारात जाऊन बसले. आया म्हणत, पोरगी शाळेत गेली तर धाकट्याला कोण सांभाळणार? मेष्ट्रे म्हणत, धाकट्यालाही पाठवा. अशी अठ्ठावन्न मुलं आली. आज पटावर एक्याण्णव होती आणि खोल्या दोन. सहावी-सातवी एका खोलीत, पाचवी कार्यालयात, तिसरी-चौथी व्हरांड्यात, दुसरी त्याच व्हरांड्याच्या वळणावर, आणि पहिली पोषण आहाराच्या स्वयंपाकघरात. पहिलीची मुलं अक्षरांच्या आधी फोडणी शिकली. सांबारात आज हिंग कमी पडला हे ती वासावरून सांगत.

तेव्हा मैदानाबरोबर खोल्याही हव्यात असं ठरलं. ही बातमी गावात पसरताच सल्ले सुरू झाले. आमच्या गावात मदत मागितली तर माणूस कामाला गेलेला असतो, सल्ला हवा असेल तर घरात असतो. शाळेच्या फाटकासमोर राहणारे निवृत्त पोस्टमास्तर कामत माम तर खुर्ची उचलून रस्त्यावरच आले.

"मेष्ट्रे, खोल्या बांधा नाहीतर राजवाडा बांधा, पण आधी मोजणी करून घ्या. शाळेची जागा सव्वा एकर असं मी पोस्टात लागल्यापासून ऐकतोय. दिसते पाऊण एकर. उरलेली गेली कुठे? पार्सलने?"

मेष्ट्र्यांच्या डोक्यात हे पक्कं बसलं. पुढे जे झालं त्याबद्दल कामत मामांना कुणी दोष देऊ नये. त्यांनी सल्ला दिला होता, आणि आमच्याकडे सल्ला कुणी इतका मनावर घेत नाही.

खोल्यांचं काम मात्र सोपं झालं. भोजण्णांनी तीस वर्षं ठाण्यात हॉटेलं चालवली आणि ती मुलांकडे देऊन गावी परतले होते. ते म्हणाले, "मेष्ट्रे, मी याच शाळेत चौथी दोनदा केली. दोन नव्या खोल्या माझ्याकडून. एक आईच्या नावाने, दुसरीही आईच्याच नावाने." भोजण्णांनी हात घातला म्हटल्यावर बाकीचे जुने विद्यार्थी मागे राहतात होय? बाकं आली, पंखे आले, आणि प्रत्येक वस्तूवर कुणीतरी स्वर्गवासी माणूस रंगवून आला. लविना टीचर हजेरी घेताना म्हणायच्या, "ए, कै. पद्मनाभय्यांवर तिघंच बसा, चौथा कै. अक्कम्मांवर जा." एका पंख्याच्या तीन पात्यांवर मिळून एक नाव होतं. पंखा फिरला की नाव दिसेना. देणाऱ्याचा मुलगा स्वतः येऊन सांगून गेला की पंखा शक्यतो बंद ठेवावा. त्या पंख्याखाली मुलं वह्यांनी वारा घेत.

मोजणीच्या अर्जावर शाळा समितीच्या अध्यक्षाची सही लागते, आणि इथे हनुमप्पा येतो. हनुमप्पा हा यल्लव्वाचा बाप, चिरा घडवणारा गवंडी. नियम असा की समितीचा अध्यक्ष शाळेतल्या मुलाचा पालकच हवा. गावातल्या मोठ्या लोकांची नातवंडं पिवळ्या बसमध्ये, त्यामुळे ज्यांना अध्यक्ष व्हायची हौस होती ते पालक नव्हते, आणि जे पालक होते त्यांना अध्यक्ष म्हणजे काय ते माहीत नव्हतं. समितीतले सगळे पालक पत्र्याच्या खोल्यांतलेच निघाले. त्यांनी हनुमप्पाला निवडलं, कारण त्याच्याकडे पांढरा सदरा होता. पहिल्या सभेला भोजण्णा पाहुणे म्हणून आले आणि अध्यक्षांच्या खुर्चीवर सवयीने बसले. हनुमप्पा सभा संपेपर्यंत दाराशी उभा राहिला आणि तिथूनच त्याने सभेचं अध्यक्षस्थान भूषवलं.

सही मात्र त्याने जिद्दीने शिकली. यल्लव्वाने आठ दिवस पाटीवर गिरवून घेतली. ह, नु, म, प्पा. चिऱ्यावर छिन्नी चालवावी तसा तो एकेक अक्षर दाबून काढायचा, आणि काढून झालं की दर वेळी विचारायचा, "बरोबर आली न्हवं, गुरुजी?"

मोजणीच्या अर्जावरही त्याने तशीच सही केली. अर्जाच्या डोक्यावर मेष्ट्र्यांनी लाल शाईने 'अत्यंत तातडीचे' असं लिहून खाली दोन रेघा मारल्या. तिसरी रेघ यल्लव्वाने मारली, कारण शंभर मीटर तिला हवे होते.

तातडीचा अर्ज अडीच महिने पडून होता. मग पहिल्या तारखेला मोजणीदार आले, यंत्र दुरुस्तीला गेलं होतं. दुसऱ्या तारखेला यंत्र आलं, मोजणीदार मेव्हणीच्या साखरपुड्याला गेले होते. तिसऱ्या तारखेला दोघं आले, पण शाळेला जागा दिल्याचा मूळ कागद हवा असं निघालं. शाळा म्हाताऱ्या माणसासारखी, तिला आपला जन्म आठवत नव्हता. मेष्ट्र्यांनी कपाटं उपसली. शेवटी लविना टीचरना तो कागद तांदळाच्या पिंपाखाली सापडला. पिंप डुगडुगू नये म्हणून कुणीतरी त्याची आठपदरी घडी करून ठेवली होती. मेष्ट्र्यांना इतका आनंद झाला की त्यांनी स्वयंपाकीणबाईंना सगळ्या शाळेसाठी गोळीबजे, म्हणजे मैद्याची गोल भजी, तळायला लावले आणि पहिलीच्या वर्गाला त्या दिवशी अभ्यास नव्हता.

चौथ्या तारखेला सगळं जुळून आलं. मोजणीदार नागबनाजवळ यंत्र मांडून बसले. बसण्याआधी त्यांनी चपला काढून लांब ठेवल्या आणि बनाला हात जोडले. पट्ट्यांची काठी धरायला माणूस हवा होता. हनुमप्पा पुढे झाला, पांढरा सदरा घालून. मैदानात सगळी शाळा बसली होती, कामत मामांची खुर्ची होती, भोजण्णा होते.

हनुमप्पा काठी घेऊन कुंपणाशी उभा राहिला.

"मागे," मोजणीदार ओरडले.

तो कुंपणाला टेकला.

"आणखी मागे."

"मागं कुंपन हाय, सायेब."

"कुंपणाचं मला काय सांगतोस? कागद सांगतो ते ऐक. मागे!"

हनुमप्पा कुंपणाच्या फटीतून पलीकडे गेला. मुलं हसली. मोजणीदार हात हलवत होते, मागे, आणखी मागे. हनुमप्पा पहिल्या ओळीतल्या खोल्यांच्या बोळातून पाठमोरा चालत मागे गेला. काठीचं टोक पत्र्यांच्या वर दिसत होतं. यल्लव्वा उभी राहून टाळ्या वाजवायला लागली, तशी सगळी शाळा वाजवायला लागली. काठी आणखी मागे सरकली, दुसरी ओळ, तिसरी ओळ, आणि पलीकडच्या रस्त्याला लागून थांबली.

"हां. तिथे दगड रोव," मोजणीदार म्हणाले. "पूर्व-पश्चिम, बनाच्या कडेपासून, एकशे चार मीटर."

"शंभर झाले!" यल्लव्वाने किंकाळी फोडली. मेष्ट्र्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मोजणीदारांच्या दोन्ही हातांना धरून ते पुन्हा पुन्हा 'उपकार झाले' म्हणत होते. पलीकडे हनुमप्पाने चांगला घडवलेला चिरा आणून हद्दीवर रोवला, ठोकून पक्का केला. मग काठी घेऊन परत येताना तो आपल्या खोलीच्या दारात थांबला, मागे दगडाकडे बघितलं, पुढे यंत्राकडे बघितलं. सबंध मैदानात ते त्यालाच प्रथम कळलं. त्याने येऊन काठी परत दिली आणि सदरा काढून खांद्यावर टाकला.

भोजण्णांना दुसऱ्या क्षणी कळलं. ते उठून मोठ्याने म्हणाले, "जागा शाळेची आहे ना? मग त्या खोल्याही माझ्या नव्हेत. आजपासून मी त्यांच्याकडून एक पैसा भाडं घेणार नाही. शाळेचं ते शाळेला." लोकांनी टाळ्या वाजवल्या. भोजण्णांच्या प्रामाणिकपणाचं कौतुक गावात महिनाभर चाललं होतं.

मेष्ट्र्यांना कळायला घरी जाऊन कॉफी पिईपर्यंत वेळ लागला. सुमतीने विचारलं, "एकशे चार मीटर मिळाले ते कुठून आले?" आणि त्यांनी पेला खाली ठेवला.

"तिथे वस्ती आहे," ते म्हणाले.

"वस्ती आहे ते मलाही दिसतं. ती कुठे जाणार?"

अठ्ठावन्न मुलं त्या वस्तीतली. मुलांसाठी मैदान, आणि मैदानासाठी मुलांची घरं. आपण चांगलं काम करतोय या धुंदीत माणूस किती आंधळा होतो, हे मेष्ट्र्यांना त्या कॉफीच्या पेल्यात दिसलं आणि त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी ते कामत मामांकडे गेले. "माम, मोजणीप्रमाणे नागबनही शाळेच्याच जागेत आहे. सबंध बन. मग पश्चिमेचं राहू द्या. मैदान पूर्वेला वाढवू."

कामत मामांनी खुर्ची बनाकडे वळवली. मग म्हणाले, "तुम्ही झाडं तोडाल?"

"माणसं लावून."

"माणसं नाही. तुम्ही. कोयता मी देतो. पहिला घाव तुम्ही घालाल का, ते सांगा."

मेष्ट्र्यांनी मान खाली घातली. लग्नानंतर नऊ वर्षं त्यांना मूल नव्हतं. त्या बनात सुमतीने शहाळ्यांचा अभिषेक केला आणि वर्षाने मुलगी झाली. ते विज्ञान शिकवत, सापाला दूध पचत नाही हे दर वर्षी सातवीला सांगत, आणि नागपंचमीला दुधाचा तांब्या घेऊन बनात जात. कोयता त्यांच्याने उचलला गेला नसता. गावात कुणाच्यानेच नाही. बनाच्या जागेचा कागद नागाकडेही नव्हता, पण तो त्याला कुणी कधी मागितला नाही.

मग ते तालुक्याच्या कचेरीत गेले. अर्ज मागे घ्यायचा होता. कारकून ओळखीचा झाला होता. त्याने फाइल काढून लाल शाई दाखवली.

"मेष्ट्रे, 'अत्यंत तातडीचे' तुम्हीच लिहिलंत ना? तीन रेघा मारल्यात. साहेबांनी तीन रेघा बघून सही केली. अतिक्रमणाची नोटीस परवाच निघाली."

"परवा? मोजणीचा अर्ज अडीच महिने पडून होता!"

"मोजणी आमचं काम. अतिक्रमण साहेबांचं. शाळेच्या मैदानाच्या बाबतीत साहेब फार कडक आहेत, त्यांना मुलांची फार माया."

"मोजलेली जागा परत न मोजलेली करता येत नाही का?"

कारकून दयाळू होता. तो हसला नाही. म्हणाला, "समितीचा ठराव आणा, बासष्ट मीटर पुरे म्हणून."

मेष्ट्रे धावत आले. सभा भरली, ठराव एकमताने मंजूर झाला, हनुमप्पाने सही केली आणि विचारलं, "बरोबर आली न्हवं, गुरुजी?" मेष्ट्रे ठराव घेऊन परत कचेरीत गेले. तो वाचून कारकुनाने त्यांच्याकडे पुन्हा त्याच दयेने पाहिलं.

"हे सगळे सभासद त्या वस्तीतले. अतिक्रमण करणाऱ्यांनी स्वतःच्याच फायद्याचा ठराव केला, तो कसा चालेल?"

"मग मोजणीचा अर्ज यांनीच केला होता. तो कसा चालला?"

"तो त्यांच्या तोट्याचा होता ना. तो निःस्वार्थी."

मेष्ट्रे बाकावर बसले. त्यांना पिवळ्या बसच्या सरांची आठवण झाली. शंभर मीटर दोन दिवसांत पळणाऱ्या शाळेचा मुख्याध्यापक, असं आता कुणी म्हटलं असतं तर ते आनंदाने हो म्हणाले असते. त्यांनी आणखी पाच साहेबांचे उंबरठे झिजवले. एकाने त्यांची पाठ थोपटली आणि आदर्श शिक्षक म्हणून नाव पाठवतो म्हणाला.

नोटिशीत दिलेल्या दिवशी सकाळी भिंती पाडायचं यंत्र आलं. वर्ग चालू होते. लविना टीचरनी सगळ्या मुलांना नव्या खोल्यांत दाटीवाटीने बसवलं, दारं लावली आणि पाढे मोठ्याने म्हणायला लावले, दोनपासून पंचवीसपर्यंत आणि पुन्हा दोनपासून. यंत्राचा चालक मैदानात उतरून मेष्ट्र्यांना शोधत आला. "मेष्ट्रे, कुठल्या बाजूने सुरू करू? सांगा. काम तुमचंच आहे." मेष्ट्रे दोन पावलं मागे सरले. हनुमप्पाच पुढे झाला. "पत्रं आमी काढून घेतो. मग भिती पाडा. पत्रं परत लागतील." बावीस खोल्यांचे पत्रे बायकापुरुषांनी दुपारपर्यंत उतरवले. भिंतींना यंत्राला तासभरही लागला नाही. जास्वंदीचं कुंपणही गेलं.

त्या माणसांना जायला ठिकाण नव्हतं, तेव्हा मेष्ट्र्यांनी दोन्ही नव्या खोल्या उघडून दिल्या आणि मुलांना परत व्हरांड्यात आणि स्वयंपाकघरात बसवलं. भोजण्णा तणतणत आले. "मेष्ट्रे, माझ्या आईच्या खोलीत चुली? उद्घाटन व्हायचं आहे अजून!"

अच्युत मेष्ट्रे आयुष्यात कुणाला उलट बोलले नव्हते. ते म्हणाले, "तुमच्या आईने कधी कुणाला दारातून उठवलं होतं का, भोजण्णा? मी त्यांच्या हातचं जेवलोय, म्हणून विचारतो."

भोजण्णा वळून निघाले. जाताना म्हणाले, "चार दिवस. आणि भिंतीला काजळी लागू देऊ नका." संध्याकाळी त्यांच्या घरून तांदळाचं पोतं आलं. माणूस वाईट नव्हता. वाईट माणूस या सगळ्यात एकही नव्हता, आणि मेष्ट्र्यांना त्याचाच सगळ्यात जास्त त्रास होत होता. कुणावर तरी ओरडावं, तर समोर आरसाच यायचा.

चौथ्या दिवशी खाणीच्या ठेकेदाराचा निरोप आला. दुसऱ्या जिल्ह्यात खाण निघाली होती, राहायला जागा होती, शाळा जवळपास आहे की नाही हे ठेकेदाराला माहीत नव्हतं. पाचव्या दिवशी ट्रक येणार होता. मेष्ट्रे रात्रभर दाखले लिहीत बसले. अठ्ठावन्न दाखले. 'शाळा सोडण्याचे कारण' या रकान्यात त्यांनी सत्तावन्न वेळा 'पालकांचे स्थलांतर' असं लिहिलं. पटावर तेहतीस उरत होती. खोल्या चार झाल्या होत्या.

यल्लव्वाचा दाखला शेवटी ठेवला होता, त्याला कारण होतं. मैदानाचं काम पूर्ण झाल्याच्या पत्रावर अध्यक्षाची सही हवी होती, आणि मुलीचा दाखला निघाला की हनुमप्पा पालक राहत नव्हता, म्हणजे अध्यक्षही राहत नव्हता. आधी पत्र, मग दाखला. इतक्या दुःखातही मेष्ट्र्यांनी हा क्रम चुकवला नाही. नोकरीने माणसाचं काय करून ठेवलेलं असतं ते अशा वेळी दिसतं.

ट्रक पश्चिमेच्या रस्त्यावर उभा होता. पत्रे, भांडी, माणसं चढली होती. हनुमप्पा कार्यालयात आला, पांढरा सदरा घालून. मेष्ट्र्यांनी उठून त्याला आपल्या खुर्चीत बसवलं. तो 'नगं नगं' म्हणत अर्ध्या कडेवर टेकला.

"कशाचं हाय, गुरुजी?"

"मैदान पूर्ण झालं. एकशे चार मीटर. अतिक्रमण काढलं. तसं लिहिलंय."

हनुमप्पाने पेन घेतलं. ह. नु. म. मग जीभ दातांत धरून प्पा. कागद लांब धरून त्याने बघितला.

"बरोबर आली न्हवं, गुरुजी?"

मेष्ट्र्यांनी मान हलवली. मग दाखल्यावर कारण लिहिलं आणि त्याच्यापुढे ठेवलं.

"ह्यात काय लिवलंय?"

"पालकांचं स्थलांतर."

"म्हंजे आमी आपनच गेलो, आसं?"

"हो," मेष्ट्रे म्हणाले. "दुसरं काही लिहायला रकाना नाही रे."

"बरं," हनुमप्पा म्हणाला आणि दाखल्याची घडी करून खिशात ठेवली. "पोरगी कुठं गेली? यल्लव्वाऽ!"

यल्लव्वा नागबनाशी उभी होती. परकर कमरेला खोचलेला, एक पाय मागे. तिने स्वतःशीच शिट्टी वाजवली आणि सुटली. मेष्ट्रे दारात आले. बासष्ट आले. कुंपण नव्हतं. तिचे हात किंचित वर उठले, पण ती थांबली नाही, पुढे गेली, आणि मग एका जागी गपकन थांबली. तिथे माती अजून भुसभुशीत होती आणि चुलीची राख मिसळून काळी पडली होती.

ती वळून ओरडली, "मेष्ट्रे! आमच्या दारापर्यंत किती झाले?"

मोजणीचा नकाशा त्यांना पाठ होता.

"एक्क्याऐंशी!"

"म्हणजे अजून?"

"एकोणीस!" मेष्ट्रे ओरडले, त्या दिवशी दोरीबाहेरून ओरडले होते तसेच. "पळ, यल्लव्वा! थांबू नकोस!"

ती पळाली. शंभर पूर्ण झाले. चार मीटर पुढे बापाने रोवलेला हद्दीचा चिरा होता, त्याच्यावरून तिने उडी मारली आणि ट्रकमधून खाली आलेल्या हातांनी तिला वर ओढून घेतलं.